बंदोबस्ते डोंगराला निघाले

ऑफिसात त्यांना सगळे बंदोबस्ते म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण आभाळात ढगाचा ठिपका नसताना जो माणूस छत्री घेऊन निघतो, छत्री मोडलीच तर म्हणून बॅगेत रेनकोट ठेवतो आणि रेनकोट भिजला तर वाळत घालायला खिशात सुतळी बाळगतो, त्याला खऱ्या आडनावाने कोण हाक मारणार?

शेजारच्या टेबलावर खिडकीवाले बसत. त्यांच्याही नावाची तीच गत. कोंदट हवेत माणूस कुजतो, असं खिडकीवाल्यांचं ठाम मत होतं, आणि जगातले सगळे आजार त्या एका खिडकीतून आत येतात, असं बंदोबस्त्यांचं. त्यामुळे एकाने उठून खिडकी उघडायची, दुसऱ्याने दहा मिनिटांनी उठून ती लावायची, असा संसार वर्षानुवर्षं चालला होता. भांडण असं कधी झालं नाही. कडी वाजायची, तेवढंच संभाषण.

खिडकीवाले दर रविवारी एकटेच डोंगरात फिरायला जात. अंगात पातळ सुती शर्ट, खांद्याला पाण्याची बाटली आणि दोन्ही हात मोकळे. एका रविवारी गेले ते सोमवारी टेबलावर नव्हते. मंगळवारीही नव्हते. सरकारी शोधपथकाने काही दिवस डोंगर पालथा घातला. मग वर धुकं बसलं, गारा झाल्या, आणि शोध 'स्थगित' करण्यात आला. ऑफिसातल्या प्रत्येकाने आयुष्यात शेकडो फायली स्थगित केल्या होत्या. त्या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या. त्या होत्या दातांच्या डॉक्टर, पण सुट्टीच्या दिवशी डोंगरात हरवलेली माणसं शोधणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रमुख. समोरच्याकडे त्या अशा बघत, की माणूस न सांगता तोंड उघडे.

"खोटी आशा दाखवायला मी आलेली नाही," त्या सगळ्यांना एकत्र जमवून म्हणाल्या. "पण घरच्यांना नुसतं वाट बघत ठेवणं बरं नाही. येत्या शनिवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. माणसं कमी पडतायत. कोण येईल?"

कुणी कुणाकडे बघेना. खिडकी सताड उघडी होती. ती लावायची कुणाची छाती झाली नव्हती, बंदोबस्त्यांचीही नाही. त्यांची मान आखडली होती, नाक गळत होतं, तरी कडीला हात लावायला ते उठले नव्हते. पण त्या क्षणी असा झोत आला की टेबलावरचे कागद भर्रकन उडाले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बंदोबस्त्यांचा हात वर गेला.

"जरा ती खिड—"

"शाबास!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाव काय आपलं?"

ऑफिसने टाळ्या वाजवल्या. बंदोबस्त्यांना खुलासा करता आला असता. पण सगळे आपल्यासाठी टाळ्या वाजवत असताना 'मला वारा लागतोय' असं सांगायला जे धैर्य लागतं, त्यापेक्षा डोंगर चढायला कमी लागत असावं, असा त्यांनी हिशेब केला. हा हिशेब पुढे चुकला.

पहिली पायरी रजेची. शनिवार कामाचा होता. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"हे कुठल्या सदरात टाकू?"

"साहेब, आपले खिडकीवाले..."

"ते कळलं हो. वाईटच झालं. पण अंत्यविधीची रजा रक्ताच्या नात्यापुरती असते. तुमचं नातं काय?"

"शेजारचं टेबल."

"ते सदर नाही आपल्याकडे. शिवाय अंत्यविधी म्हटलं, की ते वारले असं ऑफिसने मान्य केल्यासारखं होतं. ऑफिसच्या दृष्टीने ते अजून विनापरवानगी गैरहजर आहेत."

"मग मला कामावर आहे असं धरा."

"गैरहजर माणूस शोधायला हजर माणूस पाठवायचा?" साहेब दचकले. "मग पाठवलेला माणूस नाही परतला तर?"

शेवटी बंदोबस्त्यांना शनिवारी सर्दी-पडसं होणार आहे, असं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा ते लोकांच्या कामासाठी बाहेर पडत होते, आणि कागदावर ते नाक पुसत घरी पडून राहणार होते. हा घाव त्यांना बराच खोल लागला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल, निदान अडवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. खरं सांगायचं तर आशाच होती. पण ती रोज दुपारी खिडकीवाल्यांच्या घरी वहिनींजवळ जाऊन बसत असे, आणि तिकडून आली की फार बोलत नसे. ती एवढंच म्हणाली, "अहो, जिना चढताना तुम्ही मध्ये थांबता. डोंगरावर कुठे थांबणार?" आणि माळ्यावरची ट्रंक काढायला स्टूल घेऊन आली.

तिने भावाला फोन केला, ही मात्र चूक झाली. मेहुणा कॉलेजात असताना एका शिखरावर चढला होता, आणि दरवर्षी ते शिखर थोडं थोडं उंच होत गेलं होतं. तो एक प्रचंड सॅक घेऊन हजर झाला. तिला इतके पट्टे होते, की त्यातले निम्मे कशाला आहेत हे त्यालाही सांगता येईना.

"थर, भाऊजी, थर!" त्याने सोफ्यावर कपड्यांचे ढीग लावायला सुरुवात केली. "डोंगरात कपडे घालायचे नसतात, थर लावायचे असतात. आतला घाम ओढणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा."

"आणि मी कुठे?"

"तुम्ही सगळ्यांच्या आत. आणि एक लक्षात ठेवा, सुती काही घालायचं नाही. सुती कपडा भिजला की वाळत नाही, अंगातली सगळी ऊब ओढून घेतो. वर सुती घातलंत की मेलात म्हणून सम—"

मेहुणा थांबला. बायको ट्रंकेतून काढलेला मफलर हातात धरून तशीच उभी राहिली. थोडा वेळ खोलीत कुणी कुणाच्या अंगातल्या कपड्यांकडे पाहिलं नाही.

ती शांतता मोडली वरच्या मजल्यावरच्या काकांनी. काकांनी सबंध नोकरी हवामान खात्यात काढली होती. तिथे ते पगारपत्रकं करत, पण हवामानाविषयी त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"शनिवारी ना? सकाळी ऊन," काका डोळे मिटून म्हणाले. "कातडी सोलून काढील असं. मग धुकं. मग गारा. त्यानंतर पुन्हा ऊन पडेल, पण ते खोटं."

"खोटं म्हणजे?"

"दिसतं, लागत नाही."

मग उन्हासाठी पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी आली. धुक्यासाठी मेहुण्याने नारिंगी जाकीट दिलं. "म्हणजे तुम्ही हरवलात तर लांबून दिसाल." गारांसाठी काकांनी आपले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. बूट एक माप मोठे होते म्हणून मोज्यांचे तीन जोड वाढले. मोजे वाढले म्हणून ते भिजल्यावर बदलायला आणखी तीन. मग मेहुण्याचा मोटरसायकलवर घालायचा रेनकोट. त्याचा घेर एवढा होता, की आत माणूस आणि मोटरसायकल दोघंही राहू शकली असती. कानटोपी, हातमोजे, हातमोजे घालून बटणं लागत नाहीत म्हणून बोटं कापलेले दुसरे हातमोजे. यात बंदोबस्त्यांची स्वतःची भर वेगळीच: मानेची उशी, गरम पाण्याची पिशवी, घडीचं स्टूल आणि बुटाचं पॉलिश. पॉलिश कशाला, असं बायकोने विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

सॅक उचलून बघायची वेळ आली. ती जमिनीवरून उचलेना, म्हणून मेहुण्याने उपाय काढला: आधी खाली बसायचं, पट्ट्यांत हात घालायचे, आणि मग उठायचं. बंदोबस्ते बसले, हात घातले, आणि उठण्याऐवजी सावकाश मागे कलंडले. उताणं पडलेल्या झुरळासारखे ते छताकडे बघत हातपाय हलवत राहिले. "सवयीने जमतं," असं मेहुणा वरून सांगत होता.

मग डॉक्टरीणबाईंनी दिलेलं हमीपत्र. मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे वगैरे वगैरे. काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवायचं, या ओळीपाशी बंदोबस्त्यांचं पेन थांबलं.

"माझंच नाव घाला," बायको म्हणाली. "पण कळवायला माणूस पाठवा म्हणावं. फोन नको."

"का?"

"वहिनींना फोनवरच सांगितलं, शोध थांबवला म्हणून. तेव्हापासून फोन वाजला की त्या उठून भांडी घासायला लागतात. घासलेलीच पुन्हा."

बंदोबस्त्यांनी मुकाट्याने 'समक्ष' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

शनिवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, वनखात्याच्या चौकीसमोर सगळे जमले. कडक ऊन होतं. काकांच्या पगारपत्रकांवरचा बंदोबस्त्यांचा विश्वास एकदम वाढला. बाकीच्या स्वयंसेवकांच्या पाठीवर लहानशा सॅक होत्या. डॉक्टरीणबाईंनी बंदोबस्त्यांकडे आधी पुढून पाहिलं, मग मागून.

"एवढं काय आणलंय? उघडा."

जमिनीवर ताडपत्री अंथरली गेली आणि सगळ्यांसमोर सॅक रिकामी होऊ लागली. मानेची उशी निघाली तेव्हा कुणीतरी खोकलं. स्टूल निघालं तेव्हा उघड हसू आलं. पॉलिशच्या डबीपाशी मात्र लोक हसायचे थांबले. आता त्यांना काळजी वाटू लागली होती. बंदोबस्ते लांबच्या एका झाडाकडे बघत उभे होते. आपल्या अंतर्वस्त्रांची मोजदाद कुणी चारचौघांत करील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि ती करणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर असतील, असं तर नाहीच.

तळाशी एक गाठोडं निघालं. ते बंदोबस्त्यांनी ठेवलेलं नव्हतं. टॉवेलात गुंडाळलेली एक पँट, जाड शर्ट, स्वेटर, लोकरीचे मोजे.

"ही पँट तुमच्या मापाची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगली वीतभर लांब आहे."

बंदोबस्त्यांनी शर्ट ओळखला. थंडीत शेजारच्या टेबलावर तो अधूनमधून दिसे. त्याच्याही बाह्या दुमडलेल्याच असत.

"ते... त्यांचे आहेत," बंदोबस्ते म्हणाले. "वहिनींनी दिले असतील. माझ्या घरच्यांनी ठेवले. सापडले तर ओले असतील, म्हणून. कोरडं काहीतरी..."

डॉक्टरीणबाईंनी गाठोडं पुन्हा नीट बांधलं आणि स्वतःच्या हाताने सॅकेत सगळ्यांत वर ठेवलं. स्टूल आणि उशी चौकीत जमा झाली. पॉलिशही.

चढ सुरू झाला. सगळ्यांनी एका ओळीत, एकमेकांपासून ठरावीक अंतर ठेवून, झुडपात, कपारीत बघत वर सरकायचं. कुणी थांबलं की सबंध ओळीने थांबायचं. उन्हात घामाच्या धारा लागल्या म्हणून बंदोबस्ते थांबले आणि त्यांनी दोन थर उतरवले. ते सॅकेत जातात न जातात तोच धुकं आलं आणि दात वाजायला लागले, म्हणून ते थांबले आणि त्यांनी तीन थर चढवले. मग धुकं विरळ झालं.

"बंदोबस्ते, पुन्हा काय?"

"मधला थर, बाई. मधला चुकून बाहेर आलाय."

अखेर त्यांना ओळीच्या अगदी डाव्या टोकाला पाठवण्यात आलं. "म्हणजे तुमच्यामुळे फक्त तुम्हालाच उशीर होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजुतीने म्हणाल्या.

टोकाला उतार घसरडा होता. खाली एक अरुंद घळ होती. सरकारी पथकाने ती वरूनच पाहिली होती. धुक्यात तिचा तळ दिसत नसे. बंदोबस्ते तिच्या काठाने निघाले आणि गारा सुरू झाल्या. टोपीवर, कानांवर, मोठ्या बुटांच्या आत. त्यांनी घाईघाईने मोटरसायकलचा रेनकोट काढून डोक्यावरून घातला. हात बाह्यांत शिरण्याआधी खालून वारा शिरला. रेनकोट तंबूसारखा फुगला, बंदोबस्त्यांना पुढचं काही दिसेना, आणि दुसऱ्याच क्षणी पायाखाली काहीच राहिलं नाही. ते पाठीवर पडले, सॅकेवर बसल्यासारखे घसरले, एक बूट कुठेतरी राहून गेला, आणि 'अहो, अहो' असं कुणाला उद्देशून ते ओरडत होते कोण जाणे.

एका झुडपात सॅक अडकली आणि ते थांबले. तोंडावरून रेनकोट बाजूला केला. शेजारी, हातभर अंतरावर, खिडकीवाले बसले होते.

खडकाला पाठ टेकून, गुडघे जवळ घेऊन. एक पाय वाकडा झाला होता. अंगात तो पातळ शर्ट, बाह्या दुमडलेल्या. बंदोबस्त्यांनी चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मग पाहिलं नाही.

पायथ्याशी सगळ्यांना दिलेली गळ्यातली शिट्टी त्यांनी तोंडात धरली, पण फुंकर निघेना. बऱ्याच वेळाने निघाली. लांबून, वरून, दुसरी शिट्टी उत्तराला आली. मग नुसत्या गारांचा आवाज.

"अहो, निदान एक जाकीट तरी," बंदोबस्ते म्हणाले. आपण मोठ्याने बोललो हे त्यांना कळलं, पण थांबवेना. "एक तरी. काही वजन होतं का त्याचं? सांगून तरी जायचं कुणाला, कुठल्या बाजूला जातोय ते. शेजारी बसतो मी. मला सांगायचं. मी काय, लिहून ठेवलं असतं."

मग त्यांनी गाठोडं सोडलं. कपडे अंगात घालता येण्यासारखे नव्हते, ते त्यांनाही समजत होतं. त्यांनी जाड शर्ट खिडकीवाल्यांच्या खांद्यांवरून पांघरला, स्वेटर छातीवर ठेवला, पँट गुडघ्यांवरून घातली आणि गारांनी उडू नये म्हणून कडेने खोचली. आपलं नारिंगी जाकीटही वर टाकलं. स्वतः ते कुडकुडत बसले. मेहुण्याचे उरलेले थर त्यांच्या अंगात होते, पण त्यातून काही ऊब येत नव्हती.

दोराने लोक खाली उतरले, त्यानंतर बऱ्याच वेळाने धापा टाकत पोलीस अधिकारी आले. डॉक्टरीणबाईंनी बंदोबस्त्यांच्या अंगावर आपली शाल टाकली. अधिकाऱ्यांना मात्र पंचनामा करायचा होता.

"हात कुणी लावला? हे कपडे कुणाचे?"

"त्यांचेच," बंदोबस्ते म्हणाले.

"मयताचे? मग अंगावर असे वरवर का?"

"माझ्या सॅकेत होते."

अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं. "मयताचे कपडे तुमच्या सॅकेत कसे?"

"गरज पडेल म्हणून आणले होते."

"मयताला?"

"सॅक भरली तेव्हा ते मयत नव्हते."

"म्हणजे? तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नव्हतं म्हणून तर आणले, साहेब," बंदोबस्ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चिरकला, की अधिकाऱ्यांनी टोपी सारखी केली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. कपडे मात्र जप्त झाले. जाकीटही.

गुडघा सुजला होता म्हणून बंदोबस्त्यांना इतरांच्या आधी खाली पाठवलं. चौकीत बाकावर वहिनी बसल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला बंदोबस्त्यांची बायको. दोघी मागाहून येऊन तिथे थांबल्या होत्या, आणि वनरक्षकाने त्यांना समक्ष सांगितलं होतं. वहिनींचे हात मांडीवर पालथे पडले होते, कुणीतरी तिथे आणून ठेवल्यासारखे.

उतरताना बंदोबस्त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. "वहिनी," ते उभ्यानेच म्हणाले, "आम्ही पद्धतशीरपणे उताराचा प्रत्येक भाग तपासत असताना—"

"तुम्हाला सापडले ना?"

"हो."

"कसे?"

बंदोबस्त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मदत करीना.

"पडलो, वहिनी."

"पडलात?"

"रेनकोटात वारा शिरला. घसरत खाली गेलो. उठून बघतो, तर शेजारी हे."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. केसांत चिखल, फाटलेला गुडघा, एका पायात रबरी बूट आणि दुसऱ्यात तीन मोजे. वहिनींच्या घशातून एक आवाज निघाला. बंदोबस्त्यांची बायको सावरायला पुढे झाली. पण वहिनी हसत होत्या. तोंडावर पदर दाबून, खांदे हलेपर्यंत.

"अंगावर नाही ना पडलात?"

"नाही, नाही. हातभर अंतर होतं."

"ते म्हणायचे," वहिनींना बोलता येईना, "म्हणायचे, एकदा तुम्हाला बरोबर न्यायचंय. दर रविवारी म्हणायचे. मी म्हटलं, विचारा की मग. तर म्हणायचे, विचारीन."

"मला कधी विचारलं नाही त्यांनी."

"विचारलं असतं तर आला असतात?"

बंदोबस्त्यांना होय म्हणता आलं असतं. तिथे असलेल्या कुणीही ते खरं मानून घेतलं असतं.

"नसतो आलो," ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. हसू कधी थांबलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते कळलं नाही. बायकोने त्यांना जवळ घेतलं. बंदोबस्ते तसेच उभे राहिले. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते सुचलंही नाही.

स्ट्रेचर खाली आलं तेव्हा ऊन पडलं होतं. चौकीपासून गाडी उभी होती तिथपर्यंत रस्ता चिखलाचा होता, आणि पुढची डावी दांडी धरलेला माणूस थकून खाली बसला होता. बंदोबस्त्यांनी उरलेला बूट काढून बाजूला ठेवला आणि ती दांडी खांद्यावर घेतली.

"तुम्ही नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुडघा बघा तुमचा. शिवाय बाकीचे उंच आहेत. तुमच्या बाजूला सगळं कललंय."

"कलू द्या," वहिनी मागून म्हणाल्या. "राहू दे त्यांना."

कललेल्या बाजूला भार जास्त येतो. तो बंदोबस्त्यांच्या खांद्यावर आला. मोज्यांतून चिखल बोटांच्या मध्ये शिरत होता आणि ते खाली न बघता चालत होते. मागच्या माणसाने एकदा विचारलं, थांबायचं का थोडं? बंदोबस्ते म्हणाले, "चला."